आकड्याखालचं जनावर

जळगावला विमानतळ आहे आणि धुळ्याला धावपट्टी आहे. तरीही दोन्हींच्या मधे, पारोळ्याच्या अलीकडे, हा तिसरा विमानतळ कशाला बांधला, असा प्रश्न जो विचारतो तो खानदेशातला नसतो. खानदेशातल्या माणसाला उत्तर पाठ असतं. जळगावकर विमानात बसायला धुळ्याला जाणार नाही आणि धुळेकर जळगावला जाणार नाही. मधे बांधला की दोघांची सारखीच गैरसोय होते. आणि सारखी गैरसोय म्हणजेच आपल्याकडे न्याय.

नावाचं प्रकरण सात वर्षं समितीपुढे आहे. कमानीवर नुसतं 'विमानतळ' लिहिलंय आणि अलीकडे चौदा अक्षरं मावतील एवढी जागा मोकळी सोडलीय. लोक त्याला 'मधला' म्हणतात. 'मधल्यावर सोडून ये' म्हटलं की रिक्षावाल्याला कळतं.

या मधल्यावर विमान कंपन्यांकडून किती पैसे घ्यायचे, ते ठरवणं हे दिपमाला तायडे हिचं काम. जळगावच्या मेहरूणची मुलगी. दक्षिणेतल्या एका मोठ्या विमानतळावर नऊ वर्षं हेच करून ती परत आली होती. आई मेहरूण सोडायला तयार नव्हती म्हणून. आईने एकदा विचारलं, "तू तिथं नेमकं करतेस तरी काय गं?"

"विमान उतरलं की त्याच्या वजनावर पैसे घेते. उभं राहिलं की तासावर. माणूस चढला की डोक्यावर."

"म्हणजे बाजार समितीच्या गेटवर बसतेस."

"हो. फक्त एसीत."

मधल्यावर तेव्हा एकच कंपनी येत असे, भारद्वाज एअर, आणि तिचं एकच विमान. रोज सकाळी अकराला बंगळूरहून यायचं आणि सव्वाबाराला परत जायचं. जानेवारीत दिपमालाच्या टेबलावर एकाच दिवशी दोन पत्रं आली. पहिलं भारद्वाजचं. तुमचे दर परवडत नाहीत, घसघशीत सूट द्या, नाहीतर एक एप्रिलपासून मधल्यावर येणं बंद करण्याचा गांभीर्याने विचार करू. दुसरं मधला चालवणाऱ्या खासगी कंपनीच्या, नागपूरच्या मुख्य कार्यालयाचं. विमान बंद पडलं, किंवा विमान उतरण्याचं उत्पन्न यंदाच्यापेक्षा एका रुपयानेही घटलं, तर एप्रिलपासून विमानतळ पायलट शिकवणाऱ्या संस्थेला भाड्याने दिला जाईल, दर विभाग बंद होईल आणि श्रीमती तायडे यांची बदली नागपूरला होईल.

थोडक्यात, सूट द्यायची पण कमी घ्यायचं नाही.

दिपमालाने दोन्ही पत्रं एकाच टाचणीला लावली. तिला अवघड अटी आवडत. सोप्या अटींवर काम करायला नागपूरला माणसं भरपूर होती.

विमानतळाला एक सल्लागार समितीही होती. तिच्यात जळगावचा एक सदस्य आणि धुळ्याचा एक, असा नियम. जळगावच्या जागेसाठी अकरा जणांनी अर्ज केल्यामुळे ती रिकामी होती. धुळ्याच्या जागेसाठी कुणीच अर्ज केला नव्हता, त्यामुळे तिथं भटू आबा बसले होते. आबांनी चाळीस वर्षं धुळ्याच्या गुरांच्या बाजारात दलाली केलेली. विमानात कधी बसले नव्हते, पण बैठक एकही चुकवली नव्हती.

भारद्वाजचा माणूस यायच्या आदल्या दिवशी दिपमालाने त्यांना दराचा कागद समजावून सांगितला. विमान उतरण्याच्या आकाराला लँडिंग चार्ज म्हणतात. आबांनी त्याचं नाव 'उतराई' ठेवलं होतं आणि कार्यालयात सगळे आता तेच म्हणत. उतराई टनाला सहाशे रुपये होती आणि भारद्वाजचं विमान अठ्ठ्याहत्तर टनांचं.

"वजन कसं मोजतस वं बेटी? इमानले काटावर चढाडतस का?"

"नाही आबा. जास्तीत जास्त जेवढं वजन घेऊन उडायची परवानगी आहे, ते कागदावर असतं. तेच धरायचं."

"आनि रिकामं उनं तरी?"

"तरी तेवढंच."

आबांनी दराचा कागद आदराने हातात घेतला. मग म्हणाले, "म्हैस भाकड ऱ्हावो का गाभण, भाव गाभणना! आम्हले चाळीस वरीस हाई सुचनं नही."

"उद्या मी सुरुवात पाच टक्क्यांपासून करणार आहे," दिपमाला म्हणाली. "तुम्ही फक्त माणसाकडे बघा. बोलणं माझं."

"बघसु," आबा म्हणाले. "बोलनं तुनं."

भारद्वाजकडून आले ते ललित कर्णिक. मुंबईचे, पस्तिशीचे, इस्त्रीचे. कंपनीच्याच विमानाने आले. विमान इतकं भरलेलं होतं, की कंपनीच्या या अधिकाऱ्याला शेवटच्या रांगेत, संडासाला पाठ लावून बसावं लागलं होतं. तिथून उठून त्यांनी थेट बैठकीच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि हा मार्ग कसा तोट्यात चाललाय ते पडद्यावर दाखवलं. सगळे आकडे लाल होते.

"सहाशेवर ऐंशी टक्के सूट मिळाली तर कदाचित आम्ही राहू," कर्णिक म्हणाले. त्यांचं मराठी स्वच्छ आणि शुद्ध होतं. पुढचा सगळा घोटाळा त्या शुद्धपणामुळेच झाला.

"'कदाचित'साठी ऐंशी," दिपमाला म्हणाली. "नक्कीसाठी किती?"

कर्णिक हसले. मग जाता जाता विचारल्यासारखं त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. इथे रात्री विमान उभं करायला जागा आहे का? इंधनाचा टँकर पहाटे पाचला येऊ शकेल का? आणि पायलट लोकांना झोपायला धुळ्याचं हॉटेल बरं की जळगावचं?

शेवटच्या प्रश्नावर आबांनी डोळे उघडले. "धुळानं," ते म्हणाले, आणि पुन्हा मिटले.

इतक्यात दारातून सुरक्षा विभागाची किरण डोकावली. "मॅडम, जरा येता का? कुंदाबाई म्हणून एक बाई आहेत. हातातल्या पिशवीत भरीत ठेचायचा दंडुका आहे. बंगळूरला मुलाकडे चालल्यात. म्हणतात, दंडुका नाही तर मी पण नाही."

मधल्यावर माणसं इतकी कमी होती, की दर ठरवणारी आणि दंडुका सोडवणारी एकच असे. दिपमाला उठली. आबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "चहा पाजा. पण दराचं बोलू नका."

"नही बोलस."

आणि ते खरोखर बोलले नसते. पण कर्णिकांनी खुर्ची जवळ ओढली.

"आबा, तुम्ही जाणते आहात. मॅडम कागद वाचतात, तुम्ही माणूस वाचता."

हे आबांना पटलं.

"मला एवढंच सांगा. यांच्या मनात सूट आहे तरी किती?"

आबांनी विचार केला. दर सांगायचा नाही, असं ठरलं होतं. पण हा दर कुठे होता? ही तर नुसती सुरुवात होती, आणि सुरुवात काही लपवून ठेवायची चीज नव्हे. शिवाय दलालीच्या धंद्यात टक्का हा शब्द कुणी उच्चारत नाही. तो हवेसारखा असतोच.

"सूट पाच शे," आबा म्हणाले.

कर्णिकांचा कप बशीत आपटला. "पाचशे?"

"पाच शे."

"आबा, पक्कं? पाचशे?"

"सांगं ना भो, पाच शे! त्यानावर एक दाना नही."

"नको, नको! वर कशाला!" कर्णिक घाईघाईने म्हणाले. "पाचशे पुष्कळ झाले."

आबांना नवल वाटलं. पहिल्याच आकड्याला 'पुष्कळ झाले' म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मुंबईचा माणूस गरीब स्वभावाचा दिसतोय, असं त्यांनी मनात नोंदवलं आणि त्याला आणखी एक बिस्किट दिलं.

दिपमाला परत आली (दंडुका सामानात गेला, कुंदाबाई विमानात गेल्या) तेव्हा कर्णिक बॅग लावून उभे होते.

"मॅडम, फार फलदायी चर्चा झाली. मी धुळ्याला मुक्कामाला आहे. चर्चेचा सारांश संध्याकाळपर्यंत पाठवतो. उद्या दहाला सह्या करू."

'फलदायी' हा शब्द दिपमालाच्या ओळखीचा होता. हा शब्द समोरचा वापरतो तेव्हा फळ त्याच्या पिशवीत असतं.

सारांश चार वाजता आला. 'विमानतळाच्या सल्लागार समितीचे ज्येष्ठ सदस्य श्री. भटू आबा यांनी उतराईवर दर टनामागे रुपये पाचशे सूट असल्याचे तीन वेळा स्पष्टपणे सांगितले. भारद्वाज एअर या उदार भूमिकेचे स्वागत करते.' प्रत नागपूरला. प्रत कंपनीच्या मालकांना.

सहाशेतून पाचशे गेले म्हणजे उरले शंभर. जिथं एका विमानाचे शेहेचाळीस हजार आठशे मिळत होते, तिथं सात हजार आठशे मिळणार. धावपट्टीवरच्या टिटव्या हाकलणाऱ्या गाडीचं डिझेल त्यात निघालं असतं. ती चालवणाऱ्याच्या पगाराचं मात्र कठीण होतं.

सव्वाचारला नागपूरहून मुख्य कार्यालयातले वरिष्ठ, राजदीप सर, यांचा फोन. "तायडे, हे पाचशे कुठून आले?"

"उद्या दुपारपर्यंत सांगते, सर."

"उद्या दुपारपर्यंत तुमच्या बदलीचा आदेश टाइप झालेला असेल."

"टाइप होऊ द्या, सर. सही तेवढी करू नका."

फोन ठेवून ती थेट कँटीनमध्ये गेली. आबा तिथं बेबाबाईंच्या हातची भजी खात निवांत बसले होते. कँटीन बेबाबाईंचं, वय साठ, आवाज धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा.

"आबा, तुम्ही त्यांना सूट किती सांगितली?"

"पाच. तूच नही का सांगं, सुरुवात पाचथून म्हनीसन?" आबा थोडे चाचरले. "दर नही सांगा बरं मी."

"बोललात काय ते शब्द न् शब्द सांगा."

"तो म्हने सूट किती. मी म्हनं, सूट पाच शे."

"पुन्हा म्हणा."

"पाच शे."

दिपमालाने डोळे मिटले. "पाच शे," ती हळूच म्हणाली. मग जोडून म्हणाली, "पाचशे." आणि अशी हसत सुटली, की बेबाबाई झारा घेऊनच बाहेर आल्या.

"काय व्हयनं वं माय?"

"बेबाबाई, आबा म्हणाले पाच आहे. त्याने ऐकलं पाचशे."

बेबाबाईंना उलगडायला क्षणही लागला नाही. "मंग? शहरना लोकेसले 'शे' म्हन्जे हजारना धाकला भाऊ वाटस! मना जवाईले मी सांगं, घरमा एक शे, तर तो बाकीना नव्व्याण्णव धुंडत बसना."

आबांची भजी हातातच राहिली. "म्हन्जे मी पाच दिधा आनि त्यानी पाचशे लिधा?" त्यांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत त्यांच्या शब्दावर एकही सौदा फिरला नव्हता. "फोन लाव त्याले. आत्ते सांगस. आनि समितीना राजीनामा बी लिखी ले मना."

"राजीनामा कशाला? सांगायचं तर आहेच, खोटं एक अक्षर ठेवायचं नाही. पण उद्या समोरासमोर सांगू." दिपमाला खुर्ची ओढून बसली. "मला वेगळीच काळजी आहे. त्या माणसाने पाचशे म्हणून मालकांना कळवलंय. त्यांनी त्याची पाठ थोपटली असेल. उद्या आपण पाचवर आणलं तर त्याचं नाक कापलं जाईल आणि नाक वाचवायला तो विमानच बंद करेल."

आबांनी भजी खाली ठेवली. हा विषय आता त्यांच्या धंद्यातला होता.

"दख, बेटी. गिऱ्हाईकना तोंडमा आकडा एकदाव बठना, का तो काढाना नही. दात पडतस. आकडा तोच ठेवाना. आकडाखालनं जनावर बदलाडानं."

"म्हणजे?"

आबांनी समजावलं ते असं. घेणारा एखाद्या आकड्यावर अडून बसला, घरी बायकोला तोच आकडा सांगून आला, की शहाणा दलाल आकड्याशी भांडत नाही. ठीक आहे म्हणतो, पन्नास हजार तर पन्नास हजार. पण घुंगरमाळ त्यात नाही. झूल त्यात नाही. आणि पेरणी होईस्तोवर बैल आमच्याच दावणीला राहील. घेणारा पन्नास हजार, पन्नास हजार करत आनंदाने घरी जातो. पेरणी मात्र विकणाऱ्याची होते.

"पेरणी होईस्तोवर," दिपमाला म्हणाली. तिने कँटीनच्या बिलाचा कागद उलटा केला. "आबा, तुम्ही बैठकीत त्याच्याकडे बघत होतात. काय दिसलं? तो खरंच जाणार आहे?"

"तो?" आबा हसले. "जानारा गिऱ्हाईक कधी इचारस का, का तुम्हना गोठामा रातले पानी शे का? पहाटे चारा कोन टाकस?"

रात्रीची जागा. पहाटेचा टँकर. पायलटांचं हॉटेल. दिपमालाने पेन काढलं. अकराला येऊन सव्वाबाराला जाणाऱ्या विमानाला यातलं काहीच लागत नव्हतं. हे लागणार होतं ते रात्री येऊन इथेच झोपणाऱ्या आणि पहाटे उडणाऱ्या विमानाला. म्हणजे दुसऱ्या विमानाला.

बिलाच्या पाठीवर तिने पाच मिनिटं गणित केलं. मग बेबाबाईंना हाक मारली, "एक प्लेट भजी मलाही. तिखट."

दुसऱ्या दिवशी दहाला कर्णिक आले ते पेन हातात घेऊनच. दिपमालाने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आधी सरळ सांगून टाकलं.

"कर्णिक, एक दुरुस्ती आहे. आबांनी पाच सांगितले होते. आमच्याकडे 'शे' म्हणजे 'आहे'. सूट पाच शे, म्हणजे सूट पाच आहे. टक्के."

कर्णिकांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान डोलावली. "पाच शे," ते अपराधी स्वरात म्हणाले, आणि उच्चार काल होता तसाच झाला.

कर्णिकांचा रंग पडद्यावरच्या आकड्यांसारखा होऊ लागला. "पण मी तीनदा विचारलं!"

"आनि मी तीनदाव खरंच सांगं," आबा म्हणाले.

"मॅडम, हे चालणार नाही. मी मालकांना पाचशे कळवलंय. काल रात्री त्यांनी माझं नाव घेऊन सगळ्यांना मेल टाकलाय. पाचशे म्हणजे पाचशे. नाहीतर एक एप्रिलपासून—"

"मग पाचशेच ठेवू," दिपमाला म्हणाली.

कर्णिक थांबले. आबांनी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि बैठकीत चालत नाही हे आठवून नुसती हातात धरली.

दिपमालाने कागद पुढे सरकवला. छापील, एकच पान. "टनामागे पाचशे रुपये सूट. तुम्ही लिहिलंत तसंच. एका आर्थिक वर्षात तुमची पाचशे विमानं पूर्ण दराने उतरली, की त्यानंतरच्या प्रत्येक विमानाला."

कर्णिकांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. "आमचं रोज एक विमान येतं. वर्षाची तीनशे पासष्ट. पाचशे होणारच नाहीत."

"एक ठेवलंत तर नाही होणार. आम्हाला यंदाइतकेच मिळतील, तुम्हाला सूट शून्य. दोन केलीत तर डिसेंबरच्या सुरुवातीला पाचशे होतात. पुढचं प्रत्येक विमान शंभर रुपये टनाने. वर्षात तुम्हाला जवळपास नव्वद लाखांची सूट मिळते आणि आम्हाला यंदापेक्षा ऐंशी लाख जास्त."

"पण दुसऱ्या विमानाचा आमचा काही विचार नाही."

"नाही?"

"मुळीच नाही."

"मग पहाटे पाचला टँकर कुणासाठी हवा होता?"

कर्णिक खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर त्यांच्या कंपनीचं विमान उतरत होतं. नेहमीपेक्षा पंचवीस मिनिटं लवकर. तोट्यातल्या मार्गावरही वारा कधी कधी मदत करतो. जिन्यावरून माणसं उतरू लागली आणि बराच वेळ उतरतच राहिली. आबांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. साठपर्यंत आले तेव्हा कर्णिक म्हणाले, "पुरे, आबा."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला, दिपमालाकडे पडद्याची पाठ करून पाच-सात मिनिटं आकडे टाकले, आणि घसा साफ केला.

"पाचशे फार होतात. चारशे करा."

"काल तं म्हने, पाचशे पुष्कळ झाले!" आबा म्हणाले.

"काल ते रुपये होते, आबा. आज ती विमानं आहेत."

"चारशे करता येतील," दिपमाला शांतपणे म्हणाली. "पण मग रुपयेही चारशेच होतील. दोन्ही आकडे एकत्र चालतात. आणि मालकांना काय सांगाल? काल पाचशे मिळाले होते, आज मी घासाघीस करून चारशेवर आणले?"

कर्णिकांनी लॅपटॉप मिटला. हे वाक्य मालकांपुढे कसं दिसेल ते त्यांना दिसलं असावं.

"राहू द्या पाचशे," ते म्हणाले. "पण रात्रीच्या पार्किंगचं काहीतरी करा. नवीन विमान आहे. सुरुवातीला भरत नाही. मला मालकांकडे रिकाम्या हाताने पाठवू नका."

विचार नसलेलं विमान आता नवीन विमान झालं होतं. आबांचे डोळे चमकले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून, गुरांच्या बाजारात बोटं दाबून भाव ठरवताना पसरतात तसा, टेबलावर पसरला आणि त्याखाली हात घातला. "या भो. हात द्या. बोटवर ठरी जाई."

कर्णिकांनी काहीशा कुतूहलाने, काहीशा शरणागतीने हात रुमालाखाली घातला.

दिपमालाने रुमाल उचलला, नीट घडी केली आणि आबांच्या खांद्यावर परत ठेवला.

"नाही आबा. आज बोटं नाहीत. आज प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आहे ते लिहायचं." ती कर्णिकांकडे वळली. "तीन."

"तीन काय?"

"शाबास. तीन महिने. एप्रिल, मे, जून. दुसरं विमान एक एप्रिलला सुरू झालं तर तेवढे महिने रात्रीचं पार्किंग फुकट. एक जुलैपासून पूर्ण. महिन्यात पाचपेक्षा जास्त दिवस विमान चुकलं, तर त्या महिन्याचं पार्किंगही पूर्ण."

"सहा करा."

"तीन."

"चार. पावसाळ्यात प्रवासी कमी असतात, मॅडम. जुलै तरी सोडा."

दिपमालाने विचार केला. रात्री त्या जागेत आजवर फक्त ससे उभे राहत आणि त्यांच्याकडून काहीच येत नव्हतं. "चार महिने," ती म्हणाली. "जुलैअखेर. त्याबदल्यात करार दोन वर्षांचा."

"दोन..."

"वर्षं."

कर्णिकांनी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळे हसले. "मॅडम, तुम्ही आमच्याकडे का नाही येत? बंगळूरला. पगार दीडपट."

"विमान दिवसातून दोन वेळा सुरू करा, मग विचार करते. रोज येऊन-जाऊन करता येईल."

मसुद्यावर त्यांनी सही केली ती फक्त 'मालकांच्या मंजुरीस अधीन' असं लिहून. पेनाचं टोपण लावताना म्हणाले, "आबा, एक विचारू? तुमच्याकडे शंभराला काय म्हणतात?"

"शंभर," आबा म्हणाले. "आम्ही काय येडा शेतस का?"

मालकांची मंजुरी आठव्या दिवशी आली. मंजुरीच्या पत्रात कर्णिकांचं पुन्हा कौतुक होतं. 'पाचशेची सूट' हे शब्द ठळक अक्षरात होते आणि ती कधीपासून, ते खाली बारीक अक्षरात. दिपमालाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घुंगरमाळ सोडली तर बैल तोच होता.

एक एप्रिलला रात्री दुसरं विमान आलं आणि मधल्यावर झोपलं. पहाटे उडालं तेव्हा एकशे एकसष्ट माणसं आत होती आणि निम्म्यांच्या मांडीवर केळीच्या वेफर्सच्या पिशव्या. दोन महिन्यांनी नागपूरहून राजदीप सरांचा फोन आला. आवाजात इतका गोडवा होता, की दिपमाला सावध झाली.

"तायडे, अभिनंदन. वरचे लोक फार खूश आहेत. आपल्या बाकीच्या पाच विमानतळांवर हाच प्रश्न आहे. कंपन्या रोज धमक्या देतात. तेव्हा असं ठरलंय, की तुम्ही नागपूरला यावं. बढती आहे. मोठी खोली आहे. आदेश टाइप झालाय."

म्हणजे विमान गेलं असतं तरी नागपूर, आणि राहिलं तरी नागपूर. सरकारी नसलेल्या कंपन्याही आपल्याकडे काही गोष्टी सरकारकडून शिकतात.

"सर, काम करते," दिपमाला म्हणाली. "पाचही विमानतळांचे करार मी करीन. पण इथून."

"इथून कसं? कंपन्यांचे लोक चर्चेला नागपूरला येतात."

"त्यांना इकडे पाठवा. वर्षाचे जादा ऐंशी लाख इथे बसून ठरले, सर. नागपूरच्या मोठ्या खोलीत एवढे ठरायचे असते तर आधीच ठरले असते." तिने आवाज जराही चढवला नव्हता. "बढती ठेवा. खोली नको. आणि समितीत आबांना आणखी दोन वर्षं."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. राजदीप सर सूट द्यायची की नाही याचा विचार करत होते, आणि दिपमालाला त्यांच्याकडे दुसरा खरेदीदार नाही हे चांगलं माहीत होतं.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण त्यांनी तिथं यायचं तरी कसं?"

"विमानाने, सर. त्यांचा धंदाच आहे."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली कंपनी आली. चार माणसं, स्वतःच्या छोट्या खास विमानातून. पायऱ्या उतरून बैठकीच्या खोलीत येईपर्यंत त्यांच्यातल्या प्रमुखाने हसून दोनदा सांगितलं, की तुमचे दर फार आहेत. आबांनी त्याच्या बुटांपासून केसांपर्यंत बघून घेतलं. बेबाबाईंनी चहा ठेवला. आणि बोलणी सुरू व्हायच्या आधी दिपमालाने त्याच्या बशीशेजारी त्यांच्या विमानाच्या उतराईचं बिल ठेवलं.